दात भरण्याआधीचं एक मिनिट

९ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात पत्र टाक, असं तू बजावलं होतंस. फोनवर तुला आता अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतोस, अशी मामीची तक्रार आहे, म्हणून पत्रच बरं. पण पहिला आठवडा कुठला, आज पाच आठवडे झाले.

दवाखाना एका औषधाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. दोन खुर्च्या, मधे छातीपर्यंत काचेची भिंत. पलीकडे मोठ्या मॅडम, अलीकडे मी. पेशंट मला छोट्या मॅडम म्हणतात आणि खुर्चीत बसण्याआधी एकदा काचेपलीकडे बघून घेतात, की मोठ्या मोकळ्या होतील का. मॅडमचा हात फार चालतो. मी एक दात भरेपर्यंत त्यांचे दोन होतात. स्वभावाने वाईट नाहीत, पण प्रश्न विचारला की उत्तर देता देता पुढच्या पेशंटला आत बोलावतात.

माझा प्रश्न असा. कॉलेजात आम्ही कीड कोरून काढली की दाताचा खड्डा जंतुनाशकाने पुसायचो. बोळा एक मिनिट तसाच ठेवायचा, मग टिपून घ्यायचं आणि मगच भरायचं. इथे ती बाटलीच नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, कीड नीट काढली आणि फिलिंग घट्ट बसलं की आत राहिलेले जंतू उपाशी मरतात, वर आणखी काही ओतायची गरज नाही. मी मान डोलावली.

मागच्या मंगळवारी आमचे पोस्टमन आले. तीन आठवड्यांपूर्वी मीच त्यांची दाढ भरली होती. गाल सुजलेला. उघडून बघितलं तर दाताच्या आतल्या नसेपर्यंत सगळं सडलेलं, रूट कॅनालशिवाय इलाज नाही. ते बिचारे उशीर झाला म्हणून उलट माझीच माफी मागून गेले. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. प्रत्येक खड्ड्यात बघताना वाटतं, आत कोणीतरी राहिलंय आणि मी वरून दार लावून घेतेय. घरी घासलेली भांडी परत घासते. आई म्हणते, भिंगरी तुझ्या पायाला होती ती आता डोक्याला लागली.

तू तुझ्या दवाखान्यात काय वापरायचास? आमच्याकडे सगळी पांढरी फिलिंगं असतात, चांदीचं आता कोणी मागत नाही. तेवढं ध्यानात घेऊन लिही.

तुझी भिंगरी

*

१८ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही.

तुझं पत्र आलं आणि घरात जरा काम आलं. दवाखाना बंद करून दोन वर्षं झाली, पण सकाळी नऊ वाजले की पाय आपोआप चपलांकडे वळतात. मग गॅलरी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या. मामी म्हणते, फरशीला वाट पडेल. परवा लिफ्टमध्ये एका गृहस्थांना जांभई आली, तर मी वाकून त्यांची दाढ बघितली. ते पुढच्याच मजल्यावर उतरून गेले.

आता तुझा प्रश्न. तुझ्या मॅडमना घाई आहे आणि घाईला कारणं नेहमीच मिळतात. खड्डा पुसलाच पाहिजे. मी चाळीस वर्षं हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसत आलो. तू तर औषधाच्या दुकानाच्या डोक्यावरच बसली आहेस, खाली उतर आणि बाटली घे. बोळा बुडवून खड्ड्यात ठेवायचा. पांढरा फेस येईल. फेस शांत झाला की पाणी मार, वाळव आणि खुशाल भर. पांढरं असो की चांदीचं, दात तोच आणि कीडही तीच. मी पांढरी फिलिंगंही शेकड्याने केली आहेत, तेव्हा निर्धास्त राहा.

पोस्टमनचं मनाला लावून घेऊ नकोस. पण पुसत जा.

मामा

*

६ फेब्रुवारी

ती. मामा,

बाटली आणली. फेस येताना बघितला आणि काय सांगू, महिनाभर छातीवर ठेवलेला हात कोणीतरी उचलला. बारीक बुडबुडे वर येतात, खड्ड्याचा तळ धुतल्यासारखा होतो. तेवढं एक मिनिट मी काही न करता उभी राहते. दिवसभरात तेवढंच एक मिनिट मी स्वस्थ असते.

मॅडमची काही हरकत नाही.

एक गंमत सांगते. बँडमधले एक क्लॅरिनेट वाजवणारे काका आले होते. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा कीड लागून गेलेला. त्या दातावरच वाद्याचं तोंड टेकवतात म्हणे, त्यामुळे केसाएवढा फरक त्यांना चालत नाही. दीड तास घेतला. चार वेळा घासलं, चार वेळा त्यांनी जीभ फिरवून नाही म्हटलं. शेवटी त्यांनी पेटीतून वाद्य काढलं आणि खुर्चीतच बसून वाजवून बघितलं. बाहेर बाकावर बसलेले लोक दारात येऊन उभे राहिले. मॅडमनी काचेवरून मान उंच केली. वाजवून झाल्यावर काका म्हणाले, "हा माझाच दात आहे."

मामा, मला वाटतं मला हे काम जमेल.

तुझी भिंगरी

*

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

पत्र मामीला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, क्लॅरिनेटचा भाग तीनदा. शेजारच्यांनाही दाखवणार होतो, पण मामीने हात धरला.

तिने एवढंच विचारलं की मॅडमना नक्की सांगितलंय ना. मी म्हटलं, हरकत नाही असं लिहिलंय, याचा अर्थ सांगितलं असणार. तुम्हा बायकांना सरळ वाक्यातही वाकडं दिसतं. ती भाजी निवडायला गेली.

मामा

*

२० मे

ती. मामा,

तीन महिने पत्र नाही, त्याबद्दल रागावू नकोस. लिहायला बसले की उठावंसं वाटायचं.

एप्रिलच्या सुरुवातीला माझं एक फिलिंग पडलं. एका शिक्षिकेचं, वरची दाढ. त्या रुमालात बांधून घेऊन आल्या, जसं भरलं तसंच अख्खं निघालेलं. असं एखादं होतं म्हणून परत भरून दिलं. मग आठवड्याने दुसरं. मग एकाच दिवशी दोन. सगळी अख्खी निघतात मामा, तुटत नाहीत. जणू दाताने त्यांना कधी आपलं म्हटलंच नव्हतं.

मॅडम अजून काही बोललेल्या नाहीत, पण माझा पेशंट खुर्चीत बसला की काचेपलीकडचं मशीन थांबतं. बाहेर जिन्यावर पाऊल वाजलं की वाटतं, कोणीतरी रुमालात माझं फिलिंग बांधून आणलंय. काल बसमध्ये समोरचा माणूस फुटाणे खात होता. त्याचे दात मी भरलेले नव्हते, तरी मी एक स्टॉप आधी उतरून चालत घरी आले.

काही चुकतंय, पण काय ते सापडत नाही. खड्डा मी पुसते, तू सांगितलं तसाच. तुझी पांढरी फिलिंगं कधी अशी पडायची का? पडत असतील तर तू काय करायचास?

तुझी भिंगरी

*

२७ मे

चि. भिंगरीस,

पत्र मिळालं. फिलिंग पडण्याची कारणं अनेक असतात. भरताना थुंकी लागली तर पडतं. लोक सुपारी, बर्फ, काय वाटेल ते चावतात. तुमचा तो निळा दिवा, ज्याने पांढरं फिलिंग कडक करतात, तो जुना झाला असेल. दिवा बदलून बघ.

माझ्याकडे विशेष काही पडत नसत.

इकडे सगळं ठीक.

मामा

ता. क. भिंगरी, हे मी लिहितेय, मामी. यांनी हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. माळ्यावरचे दवाखान्याचे खोके खाली काढलेत आणि सगळ्या खोलीत पसारा मांडलाय. जेवताना मधेच उठतात. काय झालंय ते मला सांगत नाहीत. तुला सांगतील.

*

११ जून

ती. मामा,

मॅडमच्या बाजूचा दिवा आणून लावला. काही उपयोग झाला नाही. फेब्रुवारीपासून मी भरलेल्या एकतीस फिलिंगांतली तेरा पडली. मॅडमची त्याच दिवसांतली, त्याच डबीतल्या मालाची, एकही पडलेली नाही.

परवा क्लॅरिनेटवाले काका आले. कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर त्यांच्या दाताचा कोपरा निघाला आणि जिभेवर आला. समोर दोनशे माणसं. त्यांनी तो गालात सरकवला आणि वाजवत राहिले, पण फटीतून हवा जात होती. पुढच्या रांगेतली मुलं हसली. हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं, बातमी सांगावी तसं. मग बाहेर जाऊन बसले आणि मोठ्या मॅडम कधी मोकळ्या होतील ते विचारलं. त्या दिवशी मॅडमना वेळच झाला नाही, काका तसेच परत गेले.

आता एक खरं सांगते. मॅडमची हरकत नाही असं मी तुला लिहिलं होतं. त्यांना माहीतच नव्हतं. बाटली मी ॲप्रनच्या खिशात ठेवायचे आणि त्या पाठमोऱ्या असल्या की बोळा बुडवायचे. सांगितलं तर त्या नको म्हणतील, आणि मग परत ते कुलूपबंद जंतू माझ्या डोक्यात वळवळत राहतील, याची भीती वाटायची.

मला एक शंका आहे. ती लिहायला हात उचलत नाही. तू मोठा आहेस, तूच ओळख.

हे काम सोडावं असं रोज वाटतं. आईला अजून काही बोललेले नाही.

भिंगरी

*

१८ जून

चि. भिंगरीस,

तुझी शंका मी ओळखली. तुझं मेमधलं पत्र वाचलं त्याच दिवशी ओळखली होती. अख्खी निघतात, असं तू लिहिलंस ना, तिथेच माझा चष्मा खाली ठेवला गेला. तरीही तुला दिवा बदलायला सांगितलं. हे मी केलं, हे आधी लिहून टाकतो, नाहीतर हेही पत्र फाडीन.

मी पांढरी फिलिंगं शेकड्याने केलेली नाहीत. चौदा जणांची केली. सगळी शेवटच्या काही वर्षांत, लोक मागायला लागले म्हणून. त्यातली बहुतेक पडली. मी माल आणून देणाऱ्याला शिव्या घातल्या, पेशंटना बोललो, आणि हे नवीन सगळं थोतांड आहे म्हणत चांदीकडे परत गेलो. चांदीचं कधी पडलं नाही, म्हणून माझं काही चुकत असेल हे मनात आलं नाही. आलं असेल तर मी ते उभं राहू दिलं नाही.

माळ्यावरून खोके काढले ते त्यासाठी. त्या पांढऱ्या मालाबरोबर आलेलं पत्रक खोक्यात होतं. त्याची घडी मी कधी उलगडलीच नव्हती, कागद अजून करकरीत आहे. बारीक अक्षरात छापलंय की पेरॉक्साइड वापरलेल्या दातावर हे लावू नये. चांदीचं फिलिंग आपण खड्ड्यात ठोकून बसवतो, ते अंगाने अडकून राहतं, त्याला खाली काहीही चालतं. पांढरं राहतं ते चिकटून. पेरॉक्साइडमधला प्राणवायू दाताच्या बारीक छिद्रांत बसून राहतो आणि चिकटवणारं द्रव्य त्याच्यापुढे पुरतं कडकच होत नाही. तो फेस, ज्याने तुझ्या जिवाला बरं वाटायचं, तोच पकड सोडवत होता. खड्डा पुसणं चूक नव्हतं. कशाने पुसायचं ते मी तुला चुकीचं सांगितलं, आणि मला माहीत आहे असं सांगून सांगितलं.

आणखी एक आहे. ते मामीलाही माहीत नव्हतं, काल सांगितलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिंपीणबाई आहेत, ब्लाउज शिवतात. त्यांचा वरचा पुढचा दात मी पांढऱ्याने भरला. पडला. परत भरला, परत पडला. तिसऱ्या वेळी मी त्यांच्यावर खेकसलो की तुम्ही दाताने दोरा तोडता म्हणून पडतं, ती सवय सोडा, नाहीतर माझ्याकडे येऊ नका. बाहेर बसलेल्यांच्या देखत. दर वेळी भरताना थोडा थोडा दात आणखी कोरावा लागायचा. शेवटी धरायला काही उरलं नाही, तेव्हा काढून टाकला. त्या रडल्या नाहीत. जाताना म्हणाल्या की दोरा तोडायचं मी कधीच सोडलंय डॉक्टर, पण उशीर झाला असेल. तेव्हापासून मी त्यांच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जातो. पाच वर्षं.

सोबत वेगळं पाकीट आहे. तुझ्या मॅडमच्या नावे लिहिलंय, की ही चूक माझी आहे आणि पोरीने वडीलधाऱ्याचं ऐकलं एवढाच तिचा दोष. ते त्यांना दे. मी स्वतः येऊन सांगायलाही तयार आहे.

काम सोडू नकोस.

मामा

*

२ जुलै

ती. मामा,

पाकीट मी मॅडमना दिलं नाही.

कारण सांगते. कॉलेजची वही मी मे महिन्यातच, तुला पत्र टाकल्यावर, काढून बघितली होती. त्यात ते होतं, मामा. पेरॉक्साइडनंतर लगेच पांढरं फिलिंग करू नये. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून. मी परीक्षेत ते लिहूनही आले असेन. तरी तू म्हणालास म्हणून बाटली आणली. मग ते तुला लिहिलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. म्हणजे मे महिन्यापासून आपल्या दोघांनाही माहीत होतं आणि आपण दोघं एकमेकांना दिव्याबद्दल पत्रं लिहीत होतो. त्या तीन आठवड्यांत आणखी पाच पडली. त्यातलं एक क्लॅरिनेटवाल्या काकांचं.

त्यामुळे तुझा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. चौदाचे शेकडे केलेस म्हणून आला. स्वतःचाही आहे, तो वेगळा.

दुपारी पेशंट संपल्यावर मॅडमना सांगितलं. उभ्यानेच, एका दमात, बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून. मला वाटलं होतं, ओरडतील. त्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या, हातमोजे काढले आणि बाटलीवरचं सगळं वाचलं. किती जणांना लावलं ते विचारलं. मग विचारलं, मला का सांगितलं नाहीस? मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणाल म्हणून.

"नाहीच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "आणि का ते सांगितलं असतं."

थोड्या वेळाने त्यांनीच पोस्टमनचा विषय काढला. म्हणाल्या, ती दाढ माझ्याकडे आली तेव्हाच नसेपर्यंत किडलेली असणार, एक्स-रे काढायला हवा होता, तो पोस्टमनना घाई होती म्हणून राहिला. म्हणजे ज्या भुताला मी पाच महिने धूत होते, ते तिथे नव्हतंच. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

एकतीसही जणांना फोन मीच करायचा, असं त्यांनी सांगितलं. नुसतं तपासणीला या असं म्हणायचं नाही, काय झालं ते सांगायचं. पहिला फोन लावायला मला तासभर लागला. तीनदा पाणी प्यायले, जिना उतरून परत चढले. एका बाईंनी फोन आपटला. एका आजोबांनी सांगितलं की त्यांचं घट्ट आहे, आता हात लावाल तर खबरदार. चौघं दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेत. शिक्षिका म्हणाल्या की असं सांगायला कधी कोणाचा फोन येत नाही. आतापर्यंत सतरा जण येऊन गेले. जुनं काढायचं, वरचा थर घासायचा, नव्याने भरायचं. पाठ मोडून येते, पण हात चालू असला की डोकं तेवढं धावत नाही.

क्लॅरिनेटवाले काकाही आले. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दात मोठ्या मॅडमच भरतील. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी बाजूला उभी राहून थुंकी ओढायची नळी धरली, चाळीस मिनिटं. काका वाद्य घेऊन आले नव्हते.

कॉलेजात असायची ती बाटली मॅडमनी मागवलीय, फेस न येणारी. स्वतः अजून वापरत नाहीत. मला म्हणाल्या, त्याशिवाय तुझा हात स्थिर राहत नसेल तर पूस, पण घड्याळ लावून पूस, कोरडं टिपून घे, आणि पहिले काही दिवस मला दाखवून पूस. मी आता काचेवरून त्यांना हाक मारते. त्या येतात, वाकून बघतात, जातात.

आता तुझं. मी एकतीस फोन केले. तू पलीकडच्या फुटपाथने जातोस. माझ्या मॅडमना भेटायला येऊ नकोस, इकडे तुझं काही काम नाही. तुझं काम तुझ्याच गल्लीच्या टोकाला आहे.

जास्त बोलले असेन तर असू दे.

तुझी भिंगरी

*

१९ जुलै

चि. भिंगरीस,

जास्त बोलली नाहीस.

पत्र आल्यावर चार दिवस मी नुसत्या फेऱ्या मारल्या. दोनदा शिंपीणबाईंच्या दुकानाच्या दारापर्यंत गेलो आणि त्यांच्याकडून नुसती बटणं घेऊन परत आलो. मामीने बटणांची पुडी बघितली, शर्ट बघितला, आणि म्हणाली की तिसऱ्यांदा बटणं आणलीत तर मी येऊन सांगेन. मग काल सकाळी गेलो.

शिंपीणबाई मशीनवर होत्या. मला बघून उठल्या, स्टूल पुसलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्यावर बोलत राहिलो असतो. म्हटलं, तुमचा दात दोऱ्याने गेला नाही. मी चुकीचं औषध लावत होतो, त्याने भरलेलं टिकत नव्हतं. तुमचा काही दोष नव्हता आणि मी चार माणसांत तुम्हाला बोललो.

त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. माझ्याकडे वळल्या. नवीन दात बसवलेला नाही, तिथे फट तशीच आहे. बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरतात, ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं.

"म्हणजे पाच वर्षं दर टाक्याला मी कात्री शोधत बसले ती उगाचच?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

त्या हसल्या. हसता हसता ओठ विसरल्या, फट दिसली, मग आठवण झाली तसा हात तोंडावर गेला. आणि मग हसू ओसरलं. खाली मान घालून त्यांनी चाकाला हात लावला, काढला. म्हणाल्या की धाकटीच्या लग्नातल्या एकाही फोटोत त्या हसलेल्या नाहीत. पोरी विचारतात, आई तू रागावली होतीस का. एवढंच. शिवीगाळ केली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या कोणाकडून दात बसवून घ्या, मी बरोबर येतो, असं मी म्हटलं. विचार करते, म्हणाल्या. तो विचार त्यांचा आहे, मी परत विचारणार नाही.

मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं की असे आणखी किती जण आहेत. खिशात यादी होती. चौदांतले तिघं वारले, दोघं गाव सोडून गेले, एक त्या स्वतः. आठ उरले. त्यांनी यादी हातात घेतली आणि लांब धरून वाचली. त्यातले चौघं आपल्याच बाजूचे आहेत, म्हणाल्या. मग दिवा बंद केला, मशीनवर कापड टाकलं आणि पायात चपला अडकवल्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला. त्या म्हणाल्या, तुम्ही एकटे गेलात तर बटणं घेऊन परत याल.

म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं.

पहिल्या घरी मी अडखळलो, पण सांगितलं. त्या घरच्या बाईंनी पाणी दिलं. दुसऱ्या घरी मुलाने मला खूप सुनावलं, सगळं खरंच होतं, मी ऐकून घेतलं. शिंपीणबाई शेजारी उभ्या होत्या, मधे पडल्या नाहीत. तिसऱ्या घरी जिने चढून माझी छाती भरून आली होती. एक निवृत्त कारकून आहेत, त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी नाव सांगितलं, दाताचं सांगितलं. त्यांना काहीच आठवेना. कुठला दात, कुठलं फिलिंग, माझं तर सगळं ठीक आहे, म्हणाले, आणि दार लावायला लागले. खरं सांगतो भिंगरी, मला सुटल्यासारखं झालं. मी वळलोसुद्धा.

शिंपीणबाईंनी दाराला हात लावला.

"आठवत नसेना का," त्या म्हणाल्या. "माणूस एवढा चालत आलाय, ऐकून तरी घ्या."

मामा